धर्मशाळा कोणाची?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी, बडनेरा जुनी वस्ती इथं केलेल्या भाषणाचा मजकूर)





शंभरीचा सोहळा म्हटला की भाषणात दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे आधीच्या पिढ्यांची आठवण, अन् दुसरी वाटेतल्या मुक्कामांची यादी. आठवण काल कीर्तनात झाली. मुक्कामांची यादी याच ग्रंथात पुढं छापली आहे. म्हणून आज आम्ही मुक्कामावरच्या छपराबद्दल बोलणार आहोत. वारकरी चालतो ते साऱ्या जगाला दिसतं. रात्री तो कुठं पाठ टेकतो, पाऊस आला तर कुठं शिरतो, बायामाणसं कुठं निजतात, हे कोणी विचारत नाही. ते ज्याला विचारावंसं वाटलं, त्यानं धर्मशाळा बांधली.

आणि हे बोलायला आज कारणही आहे. आपल्या दिंडीच्या जुन्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न कार्तिकीनंतरच्या सभेत येणार आहे. त्याआधी एका धर्मशाळेची गोष्ट तुमच्या कानावर घालावी असं आम्हा मंडळींना वाटलं. ती धर्मशाळा पंढरपूरची, पण बांधणारा माणूस आपल्या वऱ्हाडचा.

घर तेच, राहणारा वेगळा

आधी आपल्याच गावाकडे पाहू. बडनेरा हे जुनं गाव. जुन्या कागदांत त्याचं नाव ‘बडनेरा बीबी’ असं सापडतं, कारण एका शाही बेगमेच्या आंदणात ते गेलं होतं. मोगलाईत इथं सरकारी अंमलदारांचं ठाणं होतं, मातीची गढी होती. १८२२ मध्ये राजाराम सुभ्यानं गाव लुटलं आणि अर्धं उद्ध्वस्त केलं, अशी गॅझेटिअरात नोंद आहे. गढी गेली, ठाणं गेलं, गाव राहिलं.

मग आगगाडी आली. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. अमरावती एवढी मोठी कापसाची पेठ, पण ती बाजूला राहिली आणि बडनेरा रुळावर आलं. अमरावतीला इथून फाटा काढावा लागला. रुळाच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी वस्ती, असे गावाचे दोन भाग झाले. जिन आले, प्रेस आले, कापडाची गिरणी आली. गिरणीच्या भोंग्यावर घरोघरी चुली पेटायच्या, असं म्हातारी माणसं सांगत. पुढं ती गिरणीही थंडावली. वऱ्हाडात आज गावोगाव पाहा. बंद पडलेल्या जिनांच्या आवारात कुठं गोदाम आहे, कुठं मंगल कार्यालय आहे, कुठं नुसत्या भिंती अन् बाभळी आहेत.

म्हणजे इमारत एका कामासाठी उभी राहते आणि आयुष्यभर दुसरीच कामं करते. माणसाचंही तसंच आहे म्हणा. प्रश्न एवढाच की काम बदलताना ते कोणी बदललं, कोणासाठी बदललं, आणि त्यात आधीच्या माणसाचं काय झालं.

चोखोबांचं नाव का दिलं

आता पंढरपूरला जाऊ. महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. आपण सगळे तिथं डोकं टेकवूनच पुढं जातो. चोखोबा मंगळवेढ्याचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांचा जन्म देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचा, अशी आपल्याकडची परंपरा आहे. म्हणजे तेही एका अर्थी वऱ्हाडचंच लेकरू. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना कुसू कोसळलं आणि वेठीला लावलेली माणसं खाली गाडली गेली. त्यांत चोखोबा गेले. दुसऱ्यासाठी भिंत बांधता बांधता गेले. नामदेवराय तिथं गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या त्यांनी ओळखल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारात समाधी बांधली, असं आपण कीर्तनात ऐकत आलो.

ही समाधी म्हणजे चोखोबांचा मान होता, तसाच तो एक आखलेला बांधही होता. चोखोबांच्या जातीची माणसं पुढं सहाशे वर्षं त्या समाधीपर्यंतच जात होती. तिथून कळस पाहायचा, हात जोडायचे अन् माघारी फिरायचं. शंभर-दीडशे कोस चालून आलेला वारकरी, गळ्यात माळ, कपाळी बुक्का, पण देव त्याला पाहता येत नव्हता.

देव तर नाहीच, छप्परही नाही. पंढरपुरात मठ होते, वाडे होते, धर्मशाळा होत्या. अहिल्याबाई होळकरांसारख्यांनी देशभर घाट अन् धर्मशाळा बांधून वाटसरूंची सोय केली होती. पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या वारकऱ्याला दार उघडणारी जागा त्या काळी पंढरपुरात शोधून सापडायची नाही. त्यानं चंद्रभागेच्या वाळवंटात पडायचं. आषाढीचे दिवस, म्हणजे वरून पाऊस. नदीला पाणी चढलं की पोराबाळांना घेऊन काठ धरायचा. त्या काळी यात्रेत पटकीची साथ यायची. ओल्या वाळूवर उपाशी निजणारा माणूस तिला आधी सापडायचा.

हे सगळेच पाहत होते. आपले पूर्वजही पाहत असतील. बांधलं ते एका परटाच्या पोरानं.

खापर आणि खराटा

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. बाप लवकर गेला, मग मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखत वाढले. १९०५ साली घर सोडलं. डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर, हातात खराटा, अंगात चिंध्यांचा सदरा. त्या खापरावरूनच लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटलं.

बाबांनी पहिलं मोठं बांधकाम केलं ते आपल्या शेजारीच. भातकुली तालुक्यात ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषात यात्रा भरते. तिथं काठाला चिखल, बायामाणसं घसरून पडायची. १९०८ मध्ये बाबांनी तिथं घाट बांधायचं काम केलं. त्यांची रीत तेव्हापासून एकच. आधी माणसाची अडचण पाहायची, मग तिच्या मापाचं बांधकाम करायचं. नदीकाठी माणूस घसरतो, तर घाट. वाळवंटात भिजतो, तर धर्मशाळा.

अशी १९२० च्या आगेमागे पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पैसा कीर्तनातून उभा राहिला. कोणी दगड दिला, कोणी लाकूड दिलं, कोणी अंगमेहनत केली. नाव दिलं चोखोबांचं. त्या नावातच सांगणं होतं की बाबा, हे दार तुझं आहे, इथं कोणी तुला जात विचारून बाहेर काढणार नाही.

एक गोष्ट इथं झाकून ठेवू नये. बाबांनी पंढरपुरात मराठा धर्मशाळाही बांधली, परीट समाजासाठीही बांधली. एकाच विठ्ठलाच्या गावात जातवार छपरं. बाबा तर कीर्तनात जातीवर आसूड ओढायचे. मग असं का? आम्हाला वाटतं, बाबांना माणसाचा स्वभाव माहीत होता. जात जायची तेव्हा जाईल, पण आजच्या पावसात भिजणाऱ्याला आज छप्पर पाहिजे, हा हिशेब होता. ज्याला कोणीच जागा देत नाही त्याची सोय त्याच्या नावानं झाली नाही, तर ती जागाही दुसरा बळकावील, हेही त्यांना ठाऊक होतं.

आणि इतक्या धर्मशाळा बांधणारा हा माणूस स्वतः त्यांत मालक म्हणून एक दिवस राहिला नाही. आपल्या नात्यागोत्याचा या जागांवर काही हक्क नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं. कुंताबाई, म्हणजे बाबांची कारभारीण, झोपडीत राहायच्या, असं सांगतात. किल्ली घरात आली की धर्मशाळेचं घर होतं, एवढं साधं गणित होतं.

१९४७ अन् १९४९

पंढरपूरचं दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी १ मे ला उपोषण सुरू केलं. बसायला जागा मिळेना, तेव्हा तनपुरे महाराजांच्या मठानं जागा दिली. आता हेही पाहा मंडळी. तो मठ वारकऱ्यांच्या भजनासाठी बांधलेला. पण त्या दहा दिवसांत तो उपोषणाची जागा झाला, आणि आज त्या मठाचं नाव महाराष्ट्रात निघतं ते त्या दहा दिवसांसाठी. भजनाच्या जागेत उपोषण बसलं म्हणून मठ बाटला नाही. १० मे ला उपोषण सुटलं आणि पुढं चोखोबांची माणसं त्यांच्या समाधीवरून पुढं, गाभाऱ्यापर्यंत गेली.

आपल्या भागात ही लढाई त्याच्या वीस वर्षं आधी झाली होती. १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला, भाऊसाहेब पंजाबराव देशमुख त्यात पुढं होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले होते. म्हणजे बडनेऱ्याच्या रुळावरून हा प्रश्न गेला आहे, तो कुठला परका नाही.

मंदिर उघडलं. आता चोखामेळा धर्मशाळेचं काय? वारकऱ्याला छप्पर अजून लागतच होतं, पण काळ पुढं सरकला होता. या समाजाच्या पोरांना शाळा पाहिजे होती, आणि शाळेत जायचं तर गावात राहायची जागा पाहिजे होती. खेड्यातल्या पोराला पंढरपुरात खोली कोण देणार? जात विचारूनच खोली मिळायची. वाळवंटात भिजणाऱ्या बापाची अडचण आता पोराच्या वाट्याला आली होती.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती. १९४९ मध्ये गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा या संस्थेच्या हवाली केली, पोरांच्या वसतिगृहासाठी. त्याच वर्षी जुलैत बाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री. ते हातातली कामं टाकून दोन घोंगड्या घेऊन भेटायला गेले, आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या घेतल्या, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. शाळेचं तोंड न पाहिलेला एक माणूस अन् परदेशातून मोठमोठ्या पदव्या आणलेला दुसरा. एकानं बांधलेलं घर दुसऱ्याच्या कामाला लागलं.

आता नीट विचार करा. ही धर्मशाळा बाबांची किती लाडकी असेल! बाबा आषाढी-कार्तिकी चुकवत नसत. पंढरपुरात येऊन ते रस्ते झाडत, कीर्तन करत. त्यांना सहज म्हणता आलं असतं की ही वारकऱ्यांसाठी बांधली आहे, वारकऱ्यांचीच राहील. कोणी नाव ठेवलं नसतं. पण चार वाऱ्या धरल्या, आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, तरी धर्मशाळा भरून वाहायची ती वर्षातले महिना-सव्वा महिना. बाकी दिवस ती उभीच. आणि गावात पोरं जागेवाचून शाळा सोडत होती. बाबांनी त्या रिकाम्या दिवसांचा हिशेब केला असावा.

चोखोबांचं नाव त्या घराला आधीच होतं, आणि ते पोरांनाही चपखल बसलं. ज्याला कोणी आत घेत नाही त्याच्यासाठी ते घर बांधलं होतं. १९२० ला तो माणूस भिजणारा वारकरी होता, १९४९ ला तो दप्तर घेतलेला पोरगा होता.

वारी न करणाऱ्यांची धर्मशाळा

बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्या गावात यात्राच नाही, तिथंही त्यांनी धर्मशाळा बांधली. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. दवाखान्यात रोग्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोनं, बापानं कुठं राहायचं? फुटपाथवर. पंढरपूरच्या वाळवंटातला माणूस बाबांना मुंबईच्या फुटपाथवर दिसला, आणि त्यांनी त्याला धर्मशाळा दिली.

आपल्यातल्या कित्येकांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पाहिली नसेल, पण दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पाहिली असेल. घरात कर्करोग निघाला की अंबा एक्सप्रेसनं मुंबई गाठायची, टाटा रुग्णालयात नंबर लावायचा आणि त्या धर्मशाळेत जागा मिळते का ते पाहायचं. बडनेरा स्टेशनवरून एकाच फलाटावरून आपली माणसं आषाढीच्या गाडीतही बसतात अन् टाटाच्या वाटेलाही लागतात. दोन्ही वाटांना शेवटी गाडगेबाबांचंच छप्पर लागतं. ‘धर्मशाळा’ हा शब्द यात्रेकरूंचा होता. बाबांनी तो रोग्यांच्या नातलगांना दिला, विद्यार्थ्यांना दिला. शब्द काही झिजला नाही, उलट अंगानं भरला.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. इथून ते किती लांब आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या जागेचं

मंडळी, एवढं सगळं सांगितलं ते आपल्या जागेसाठी.

आपली जागा काही ऐतिहासिक वास्तू म्हणून कोणत्या पाटीवर नाही. पुढं सपरी, मधी मोठी खोली, मागं कोठी, सागाचे खांब, वर कवेलू. दिंडीचे तंबू, कढया, हंडे, पराती ठेवायला आणि निघायच्या आदल्या रात्री खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांना पडायला ती घेतली होती. पण आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं आणि आम्ही डोळ्यांनी पाहिलं, ते हे की ती कधीच एका कामाची राहिली नाही. पहाटेची गाडी धरणारी खेड्यातली माणसं रात्री सपरीत निजायची. शाळेचं छप्पर पावसात गेलं तेव्हा दोन वर्ग मधल्या खोलीत भरले, पाटीवरचे पाढे अन् हरिपाठ एकाच भिंतीनं ऐकले. भाव पडले त्या साली ज्यांच्या घरात कापूस मावेना त्यांच्या गंज्या इथं लागल्या. २०२० मध्ये आजारामुळं पायी वारी झाली नाही, मानाच्या पादुका तेवढ्या पंढरीला गेल्या. त्या साली आपल्या कढया याच जागेत चुलीवर चढल्या आणि हाताला काम नसलेल्यांची जेवणं निघाली. त्या वर्षी वारी घडली नाही, असं आम्ही तरी म्हणणार नाही.

त्यानंतर मात्र कुलूप. दिंडी निघाली की उघडते, दिंडी आली की बंद होते. मधले अकरा महिने तिथं उंदीर आणि वाळवी वारी करतात.

आता तीन मतं आहेत. तिन्हींमागं भली माणसं आहेत, म्हणून तिन्ही नीट ऐकू.

पहिलं मत असं, की जुनं पाडून रस्त्याच्या अंगानं दुकानाचे गाळे काढावेत. भाडं येईल, त्यातून वाटेवरचं अन्नदान चालेल. यात खोट नाही. दरसाल किराण्याचा, ट्रकच्या डिझेलचा खर्च कसा चढतो ते हिशेब ठेवणाऱ्याला विचारा. पण गाळे झाले की खेड्यातून आलेला वारकरी निघायच्या रात्री कुठं निजेल? शटरच्या पायरीवर? वारकऱ्यांच्या अन्नासाठी वारकऱ्यांचंच अंथरूण विकल्यासारखं ते होईल.

दुसरं मत असं, की जशी आहे तशी ठेवा, कुलूप बरं. यामागं एक दुखणं आहे आणि ते खरं आहे. पूर्वी एका व्यापाऱ्याला कोठी हंगामापुरती म्हणून दिली होती. शब्दावर दिली होती. हंगाम संपला, साल संपलं, तो निघेना. तीन वाऱ्या आपले तंबू घराघरांत वाटून ठेवावे लागले. ज्यांनी तेव्हा धावपळ केली ते आज म्हणतात, पुन्हा कोणाला देऊ नका. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

तिसरं मत तरुण मंडळींचं. ते म्हणतात, मधल्या खोलीत अभ्यासिका करा. बडनेऱ्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, खेड्यातली पोरं-पोरी इथं शिकायला येतात. कोणी पोलीस भरतीचा अभ्यास करतं, कोणी स्पर्धा परीक्षेचा. एका खोलीत चार-पाच जण, बाहेर रहदारी, घरात टीव्ही. पोरींना तर रात्री आठनंतर बसायला जागाच नाही. एक दिवा, एक पंखा, बाकं, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ संडास, एवढंच ते मागतात.

आम्हाला स्वतःला तिसरं मत पटतं. पण दुसऱ्या मतातलं दुखणं पोटात घेऊन. गाडगेबाबांची गोष्ट सांगितली ती त्यासाठीच. बाबांनी धर्मशाळा दिली ती भावनेच्या भरात अन् तोंडी दिली नाही. ज्या संस्थेला ते काम झेपेल अशा संस्थेच्या हाती दिली, आणि आपल्या रक्ताच्या माणसांचा हात आधी बाजूला ठेवला. आपणही तेच करू.

म्हणून सभेपुढं आमचं मागणं पाच गोष्टींचं आहे.

एक, जागा पाडायची नाही. कवेलू फेरायचे, वाळवी लागलेले खांब बदलायचे, संडास-न्हाणीघर नवं करायचं.

दोन, मधली खोली अभ्यासिकेला द्यायची. जात, धर्म, दिंडीशी नातं, काही विचारायचं नाही. पोरींसाठी वेळ आणि जागा वेगळी राखायची, अन् दिंडीतल्या दोन आयाबाया पाळीपाळीनं तिथं बसतील.

तीन, आषाढी आणि कार्तिकीच्या आधी अन् नंतर ठरलेल्या तारखांना जागा वारकऱ्यांसाठी मोकळी होईल, हे आधीच लिहून घ्यायचं. अभ्यास करणाऱ्या पोरांनी त्या दिवसांत पंगतीला वाढावं, म्हणजे त्यांनाही कळेल की छप्पर कोणाचं खातो आहोत.

चार, भाडेपट्टा कोणाला करायचा नाही. सार्वजनिक न्यासाची इमारत विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची, तर १९५० च्या कायद्यानं धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. हा नियम आपल्या फायद्याचा आहे. व्यापाऱ्याच्या वेळी तो कागद समोर असता तर शब्दावर कोठी गेली नसती. जे करायचं ते ठराव लिहून, विश्वस्तांच्या सह्यांनी.

पाच, किल्ली कोणाच्या घरी राहणार नाही. आमच्याही नाही. ती जागेवरच राहील, आणि कोणाच्या हाती ते सभा दरसाल ठरवील.

कोणी म्हणेल, पोरं काय विठ्ठलाचं नाव घेणार आहेत? नसतील घेत. चोखामेळा धर्मशाळेत शिकायला आलेल्या पोरांना तरी बाबांनी कुठं अभंग म्हणून दाखवायला लावला होता? त्यांनी पाहिलं एवढंच की पोरगं ओलं होतं आहे की नाही.

आणि कोणी म्हणेल, ही आपल्या आजोबा-पणजोबांची जागा आहे, तिचं रूप बदलू नये. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, आपल्या आजोबांनीच त्यात शाळा भरवली, कापूस ठेवला, परक्या माणसाला निजू दिलं. बदल त्यांनीच सुरू केला. कुलूप तेवढं आपल्या काळातलं आहे.

दिंडीची पुढची शंभर वर्षं कोण चालवील ते आम्हाला माहीत नाही. पायी चालणारे कमी होतील, वाहनानं जाणारे वाढतील, हे दिसतंच आहे. पण आज जे पोरगं तुमच्या सपरीत रात्री अकरापर्यंत पुस्तक घेऊन बसेल, त्याला आषाढात त्याच सपरीत चिखलाच्या पायांचा वारकरी निजलेला दिसेल. त्याला चहा द्यावा असं त्या पोराला वाटलं, तरी दिंडी पुढं गेली असं आम्ही समजू.

कार्तिकीनंतरच्या सभेला या. हात वर करायला या, विरोधात बोलायचं असेल तर तेही बोलायला या. फक्त घरी बसून नंतर नाव ठेवू नका. आणि येताना एकदा जागेत डोकावून या. दार उघडं ठेवायला आम्ही सांगितलं आहे.

रामकृष्ण हरी.